पावती आहे, वजावट नाही: दशमांश, दान आणि ८०जी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाई येतात. नागपुरातल्या सदर भागातल्या माझ्या टेबलाशी खुर्ची ओढतात, पर्समधून चष्मा काढतात आणि साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी माझ्यासमोर उलटी करतात. वर्षभराच्या पावत्या, बँकेचा व्याजाचा दाखला, मेडिक्लेमचा कागद, सगळं त्यातच. सातवीत त्यांनी मला शेकडेवारी शिकवली. त्यांचं आयकराचं रिटर्न भरताना मी प्रत्येक बेरीज दोनदा करतो, कारण त्या समोर बसून तिसऱ्यांदा करतात.

यंदा त्यांनी दानाच्या पावत्यांचे तीन गठ्ठे आधीच करून आणले होते. पहिल्यात चर्चला दिलेल्या दशमांशाच्या बारा पावत्या, एकूण ८३,००० रुपये. वर्षाचं उत्पन्न ८,३०,०००, त्याचा बरोबर दहावा हिस्सा. दुसऱ्यात गरीब रुग्णांवर मोफत उपचार करणाऱ्या एका ट्रस्टची २४,००० ची पावती. तिसऱ्यात मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेले ५,०००.

"झाले एक लाख बारा हजार. आता माझा टॅक्स किती कमी होते, सांग."

मी पहिला गठ्ठा हळूच बाजूला सरकवला. "बाई, यातला एक रुपयाही धरता येत नाही."

"काहून? चर्चनं कोणाचं घोडं मारलं? माझा भाचा तिकडं न्यू जर्सीत चर्चला देते, त्याला सूट भेटते. आणि आमच्या चर्चकडं तर इन्कम टॅक्सचं सर्टिफिकेट आहे. मी कमिटीत होती, मी स्वतः पाह्यलं आहे."

बाईंचं म्हणणं चूक नव्हतं. त्यांनी सर्टिफिकेट पाहिलं होतं हे खरं, भाच्याचंही खरं. तरीही ८३,००० वर वजावट शून्य. हे कसं, ते समजलं की चर्चच काय, देऊळ, दर्गा, विहार, गुरुद्वारा, सगळ्यांचंच कोडं सुटतं. दरवर्षी जुलैत मला हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तीन कागद, तीन कामं

धार्मिक किंवा सामाजिक संस्थेच्या कपाटात साधारण तीन वेगवेगळे कागद असू शकतात आणि लोक त्यांची हमखास सरमिसळ करतात.

पहिला धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा. हा १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली मिळतो. ही संस्था अस्तित्वात आहे, तिचे विश्वस्त अमुक आहेत, मालमत्ता तमुक आहे, एवढंच तो सांगतो. आयकराशी त्याचा थेट संबंध नाही.

दुसरा आयकर खात्याचा, ज्याला लोक अजूनही '१२ए' म्हणतात. २०२१ पासून ती नोंदणी १२एबी खाली होऊ लागली. बाईंनी कमिटीत पाहिला तो हाच. यामुळे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरचा कर माफ होतो. रविवारी जमलेलं अर्पण, हॉलचं भाडं, ठेवींचं व्याज, हे नियमाप्रमाणे त्याच कामावर खर्च केलं तर चर्चला त्यावर कर नाही. साधारणपणे ८५ टक्के रक्कम त्या कामावर लावावी लागते. अशी माफी निव्वळ धार्मिक सार्वजनिक ट्रस्टलाही मिळते. देवस्थान असो की चर्च, कायदा इथे हात आखडता घेत नाही.

तिसरा कागद ८०जीचा. तो संस्थेकडे असतो, पण फायदा दात्याचा होतो. संस्थेला ८०जीची मान्यता असेल तर देणाऱ्याला आपल्या उत्पन्नातून दानाचा काही भाग वजा करता येतो.

म्हणजे १२ए संस्थेचा खिसा सांभाळतो आणि ८०जी तुमचा. १२ए असला म्हणजे ८०जी असतोच असं नाही. बाईंच्या चर्चकडे १२ए होता, ८०जी नव्हता, आणि चर्च म्हणून तो मिळणंही कठीणच होतं.

कायद्याला नेमकं काय नको आहे

आयकर कायदा १९६१ चा. १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, पण २०२५-२६ या वर्षाचं रिटर्न जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचं आहे, आणि दानाबद्दलची मूळ रीत नव्यातही तीच आहे. शिवाय पुढची दहा वर्षं तरी लोक '८०जी'च म्हणणार. मीही तसंच म्हणतो.

८०जीची मान्यता हवी असेल तर संस्थेचा उद्देश धर्मादाय असावा लागतो. गरिबांना मदत, शिक्षण, औषधोपचार, अशी कामं त्यात बसतात. पण कलमातच एक स्पष्टीकरण जोडलं आहे: ज्याचं स्वरूप पूर्णपणे किंवा बव्हंशी धार्मिक आहे, असा उद्देश इथे धर्मादाय धरायचा नाही. त्याखेरीज एक अट अशी की, संस्था एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्या किंवा जातीच्या भल्यासाठी आहे असं तिच्या घटनेत म्हटलेलं नसावं.

आता चर्चची घटना काढून बघा. उपासना, सुवार्ताप्रसार, मंडळीतल्या सभासदांची आध्यात्मिक काळजी, हेच पहिल्या पानावर असणार. ते असायलाच हवं, नाहीतर ते चर्च कसलं? पण नेमकं तेच ८०जीच्या दारात अडतं. मोहल्ल्यातल्या मशिदीचं, समाजाच्या देवळाचं, जातीच्या भवनाचंही तेच होतं.

मला विचाराल तर यात दुजाभाव नाही. वजावट म्हणजे काय? तुम्ही १०० रुपये दिले आणि सरकारने त्यावरचा १० रुपये कर सोडला, तर ते १० रुपये शेवटी बाकीच्या करदात्यांच्या खिशातून आले. माझ्या पूजेचा खर्च शेजाऱ्याने का उचलावा? दवाखान्याचं वेगळं आहे. तिथे उद्या शेजारीही जाऊन पडेल.

तरी कायदा अगदीच कोरडा नाही. ८०जी असलेल्या संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत धार्मिक कामावर खर्च केला तर मान्यता जात नाही. मिशनच्या दवाखान्यात सकाळी ओपीडी उघडण्याआधी पाच मिनिटं प्रार्थना होते, नाताळात वॉर्डात गाणी होतात, शाळेत सरस्वतीपूजन होतं, त्यासाठी ही फट ठेवली आहे.

आणखी एक अपवाद आपल्या शहरात ठाऊक असायला हवा, पण फारसा कोणी सांगत नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग किंवा महिला आणि मुलं यांच्या भल्यासाठी काढलेली संस्था ही 'विशिष्ट धर्मसमाजाची किंवा जातीची' धरायची नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. उत्तर नागपुरातल्या एखाद्या वस्तीत दलित मुलींसाठी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला 'तुम्ही एकाच समाजासाठी काम करता' म्हणून ८०जी नाकारता येत नाही.

देवळाच्या छपराला मात्र वजावट

आता एक गंमत. त्याच ८०जीमध्ये देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च हे चारही शब्द नावानिशी आहेत. केंद्र सरकारने एखादं स्थळ ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलादृष्ट्या महत्त्वाचं, किंवा राज्यभर ख्यातकीर्त असलेलं सार्वजनिक उपासनास्थान म्हणून अधिसूचित केलं, तर त्याच्या दुरुस्तीसाठी आणि जीर्णोद्धारासाठी दिलेल्या देणगीवर वजावट मिळते. दानाच्या निम्म्या रकमेची, आणि मर्यादेत.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण अयोध्येचं. मे २०२० मध्ये श्रीरामजन्मभूमी तीर्थक्षेत्र न्यासाला याच तरतुदीखाली अधिसूचित केलं गेलं. पुढे २०२१ च्या सुरुवातीला घरोघरी निधी गोळा झाला तेव्हा नागपुरातल्या कितीतरी घरांत त्या पावत्या आल्या आणि त्या वर्षी माझ्या टेबलावरही त्यांचा ढीग लागला.

पण ही दुरुस्तीची तरतूद आहे. पुजाऱ्याचा पगार, पाळकसाहेबांचं मानधन, रविवारचं अर्पण त्यात येत नाही. आणि स्थळ अधिसूचित असावं लागतं. गल्लीतलं देऊळ शंभर वर्षांचं आहे एवढ्यावर भागत नाही.

या विषयातला एक गाजलेला निकाल आपल्याच गावचा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इथल्या एका शिवमंदिराच्या पंच कमिटीने ८०जी मागितली. ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च धार्मिक कामावर झाला, असं म्हणून आयकर आयुक्तांनी ती नाकारली. प्रकरण आयकर अपील न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. २०१२ मध्ये खंडपीठाने कमिटीच्या बाजूने कौल दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शिव, हनुमान, दुर्गा ही दैवतं एखाद्या विशिष्ट धर्माची नाहीत, लोक त्यांना विश्वातल्या शक्ती मानतात, हिंदू हा एक धर्मसमाज नसून त्यात अनेक समाज आहेत, म्हणून या पूजेवरचा आणि मंदिराच्या देखभालीवरचा खर्च धार्मिक कामावरचा म्हणता येणार नाही.

यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला तो तर्क पचत नाही. शंकराच्या पिंडीवर घातलेला अभिषेक धार्मिक नाही, हे कोणा भक्तालाच पटणार नाही. शिवाय याच तर्काने चर्चला किंवा मशिदीला काही हाती लागत नाही, कारण तिथे 'आम्ही एक धर्मसमाज नाही' असं म्हणायला जागाच नाही. न्यायाधिकरणाचा निकाल म्हणजे देशभराचा कायदाही नव्हे. आपल्या देवस्थानाच्या भरवशावर कोणी हा निकाल छातीशी धरून रिटर्न भरू नये. देशभरचे आयकर अधिकारी घडवणारी अकादमी आपल्याच छिंदवाडा रोडवर आहे. त्यांना तो आपल्याआधी पाठ असणार.

चर्च वेगळं, दवाखाना वेगळा

नागपूरच्या ख्रिस्ती समाजात दानाची दोन दारं पहिल्यापासून आहेत. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले आणि त्यांनी उपासनेच्या जोडीनं शाळा काढली. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे. सीताबर्डीचं म्यूर मेमोरियल रुग्णालय मिशनचंच. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला झाली तीसुद्धा इथे सदरमध्ये, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. सहा वेगवेगळ्या मंडळ्या त्या दिवशी एक झाल्या. शाळा, दवाखाने, वसतिगृहं ही या मंडळ्यांच्या कुशीत वाढली.

कायद्याच्या नजरेत मात्र चर्च, त्याची शाळा आणि त्याचा दवाखाना हे वेगवेगळे ट्रस्ट किंवा सोसायट्या असू शकतात, आणि बहुधा असतात. उपासना चालवणाऱ्या ट्रस्टला ८०जी नसेल, पण त्याच लोकांनी चालवलेल्या, कोणत्याही धर्माच्या रुग्णाला दार उघडणाऱ्या ट्रस्टला असू शकते. म्हणून पावतीवर 'मिशन' किंवा 'सेवा' असा शब्द आहे का, याला अर्थ नाही. पावती कोणत्या ट्रस्टच्या नावाची आहे, त्याचा पॅन कोणता आणि त्याची ८०जी आजच्या तारखेला जिवंत आहे का, हे बघायचं. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर नाव किंवा पॅन टाकून ते शोधता येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

'जिवंत' हा शब्द मुद्दाम वापरला. पूर्वी ८०जीची मान्यता एकदा मिळाली की कायमची समजली जायची. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली आणि ८०जीच्या मान्यतेला मुदत आली. तरी कित्येक ऑफिसांत भिंतीवर ते जुनं सर्टिफिकेट अजून फ्रेममध्ये टांगलेलं दिसतं, त्याला हारही असतो. हार घालणंच योग्य, कारण तो कागद आता या जगात नाही.

पावतीच्या पलीकडचं

आता बाईंचा दुसरा गठ्ठा, २४,००० चा. हा ८०जीचा. पण इथेही कागद सांभाळावे लागतात.

एक, रोख. २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर त्या सगळ्या रकमेवर पाणी सोडायचं. पहिले २,००० तरी धरा, असं होत नाही. चेक, यूपीआय, बँकेतून पाठवलेले पैसे चालतात. २०१७ च्या अर्थसंकल्पापर्यंत ही मर्यादा १०,००० होती, म्हणून जुने लोक अजून तो आकडा सांगतात.

दोन, वस्तू. ब्लँकेटं, धान्य, वह्या, जुना संगणक यांवर वजावट नाही, पैशावरच आहे. हंगामाच्या सणाला चर्चच्या आवारात लिलाव होतो तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सांगताना मला वाईट वाटतं. भोपळा, भरताची वांगी, मग कोणाच्या तरी काटोलच्या बागेतली संत्र्यांची टोपली. बोली दोनशेवरून सुरू होते आणि दोन मित्र एकमेकांना चिडवत तीन हजारांवर नेतात, आणि घेणारा ती टोपली परत चर्चलाच देतो, पुन्हा लिलाव करा म्हणून. टोपली एकच आणि पैसे तीन जणांचे. आयकराच्या वहीत या सगळ्याची किंमत शून्य, आणि टोपलीला त्याचं काही देणंघेणं नसतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. २०२१-२२ पासून नुसती पावती पुरत नाही. संस्थेने वर्षभरच्या दात्यांची यादी, प्रत्येकाच्या पॅन किंवा आधार क्रमांकासह, पुढच्या ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे ऑनलाइन भरायची असते. तिचं नाव फॉर्म १०बीडी. ती भरल्यावर खात्याकडून प्रत्येक दात्याच्या नावे प्रमाणपत्र निघतं, तो फॉर्म १०बीई. रिटर्नमध्ये टाकायचा क्रमांक या १०बीईवर असतो. यादीत तुमचं नाव नसेल, तर पावती कितीही खरी असो, संगणकाच्या लेखी तुम्ही दान केलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका गृहस्थांना हा झटका बसला. संस्था चांगली, काम खरं, पैसे चेकने दिलेले, पावतीवर शिक्का. मी पावती पाहून दावा टाकला आणि १०बीईची वाट बघितली नाही. ती माझी चूक. संस्थेच्या हिशेबनीसाने यादी भरलीच नव्हती. सप्टेंबरमध्ये गृहस्थांच्या मोबाइलवर सूचना आली: वजावट नामंजूर, कर आणि व्याज भरा. संस्थेत फोन केला तर पलीकडून आवाज आला, "साहेब, आम्ही तर पावती देल्ली नं?" त्यांना उशिराचे दिवसाला २०० रुपये शुल्क भरून यादी द्यावी लागली, आम्हाला दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. प्रकरण मिटायला मार्च उजाडला. तेव्हापासून मी दात्यांना सांगतो, जूनमध्ये संस्थेला फोन करा आणि विचारा, 'माझा १०बीई निघाला का?' लाजू नका, पैसे तुम्ही दिले आहेत.

या यादीमुळे एक धंदा मात्र अडचणीत आला, त्याचं मला दुःख नाही. १,००,००० ची पावती घ्या, कमिशन कापून बाकीचे रोख परत घ्या, असे 'दानशूर' मार्चमध्ये फिरत असतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर अशा खोट्या वजावटींची तपासणी हाती घेतली. चुकीची माहिती देऊन कर बुडवला असं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुपटीएवढा दंड लागू शकतो. असा कोणी भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

दानपेटीबद्दलही नेहमी विचारतात. निव्वळ धार्मिक ट्रस्टला निनावी दानावर कर नाही, तेव्हा देवळाची पेटी आणि चर्चची अर्पणाची थैली सुरक्षित आहे. पण धर्मादाय ट्रस्टने पेटी ठेवली, तर निनावी जमलेल्या रकमेतून १,००,००० किंवा एकूण देणग्यांचे ५ टक्के, यांतली मोठी रक्कम सोडून वरच्यावर ३० टक्के कर बसतो. म्हणून शाळा-दवाखानेवाले तुमचं नाव-पत्ता विचारतात. ती चौकशी नसते, त्यांची गरज असते.

आता हिशेब

सगळ्या ८०जी दानांवर सारखी वजावट मिळत नाही. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स, मुख्यमंत्री सहायता निधी यांना दिलेली पूर्ण रक्कम वजा होते, मर्यादा नाही. बाईंचे ५,००० पूर्ण धरले.

नेहमीच्या ८०जी ट्रस्टच्या दानाला मात्र दोन कात्र्या लागतात. आधी मर्यादा, मग निम्मं. मर्यादा म्हणजे समायोजित उत्पन्नाच्या १० टक्के. आणि समायोजित उत्पन्न म्हणजे ढोबळमानाने एकूण उत्पन्नातून विमा, मेडिक्लेम, व्याज वगैरे इतर वजावटी काढल्यावर उरतं ते.

मी कोऱ्या कागदावर मांडलं, बाई वाकून बघत होत्या. पेन्शन आणि व्याज मिळून ८,३०,०००. जुन्या करप्रणालीतली (जुनी-नवी काय ते पुढे येतंच) प्रमाणित वजावट, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, ५०,०००, राहिले ७,८०,०००. इतर वजावटी १,१०,०००. समायोजित उत्पन्न ६,७०,०००, त्याचे १० टक्के ६७,०००. बाईंचे २४,००० त्याच्या आत आहेत, त्याचे निम्मे १२,०००. त्यात मुख्यमंत्री निधीचे ५,०००. वजावट झाली १७,०००.

"आणि समजा, मी दशमांशाचे ८३,००० याच ट्रस्टले देल्ले असते तर?"

"आधीचे २४,००० आहेतच. एकूण १,०७,००० झाले असते. पण मर्यादा ६७,००० चीच, म्हणून निम्मे ३३,५००. वरच्या ४०,००० ला काही नाही. पुढच्या वर्षीही नेता येत नाही."

बाई २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. १७,००० च्या वजावटीवर ३,४०० कर वाचला आणि त्यावरचा ४ टक्के सेस धरून ३,५३६. म्हणजे २९,००० दिले आणि ३,५३६ परत. वजावट म्हणजे तेवढा कर माफ, असं कित्येकांना वाटतं, तसं नसतं. वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. ट्रस्टला दिलेल्या १०,००० मागे २० टक्केवाल्याचे साधारण १,०४० वाचतात. त्यासाठी दान करणारा माणूस दान करत नाही, तोट्याचा धंदा करतो.

पावत्या बघण्याआधीचा प्रश्न

खरं तर हे मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं, पण बाईंनी पिशवी उलटी केली की माझी विद्यार्थीदशा परत येते.

२०२३-२४ पासून आपोआप लागू होते ती नवी करप्रणाली. तिच्यात दर कमी आहेत, पण ८०जीसकट बहुतेक वजावटी नाहीत. दान कितीही करा, कोणालाही करा, नव्या प्रणालीत त्याची नोंद होत नाही. ८०जी हवी तर जुनी प्रणाली निवडावी लागते. धंदा-व्यवसाय नसलेल्यांना ही निवड दरवर्षी करता येते, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. मुदत चुकली की नवीच गळ्यात पडते.

२०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर करसवलतीमुळे नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पगारदार आणि पेन्शनरांना ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी.

मी कागदावर दुसरा रकाना काढला. जुन्यात, सगळ्या पावत्या धरून, करपात्र ६,५३,०००. ज्येष्ठ नागरिक म्हणून ३ लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या २ लाखांवर ५ टक्क्यांनी १०,०००, वरच्या १,५३,००० वर २० टक्क्यांनी ३०,६००. झाले ४०,६००, सेस १,६२४. एकूण ४२,२२४. नव्यात ८,३०,००० वजा ७५,०००, करपात्र ७,५५,०००. कर शून्य.

बाईंनी पेन घेतलं, ४०,६०० चे ४ टक्के स्वतः काढून पाहिले आणि मान हलवली.

मोठं घरकर्ज, घरभाडं, भरपूर विमा असलेल्या जास्त पगाराच्या माणसाला जुनी प्रणाली अजून परवडू शकते. त्याने दोन्ही रकाने मांडून बघावेत. पण नागपुरातल्या बहुतेक पेन्शनरांसाठी ८०जीच्या पावतीचा प्रश्न आता मिटल्यातच जमा आहे.

"मंग भाच्याचं काय?"

भाच्याचा देश वेगळा, कायदा वेगळा. अमेरिकेत चर्चला करमाफीसाठी अर्जसुद्धा करावा लागत नाही. अटींत बसलं की माफी आपोआप. देवळं, मशिदी, गुरुद्वारे यांनाही तीच वागणूक. आणि त्यांना दिलेल्या दानावर देणाऱ्याला वजावट मिळते. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या दानाला लेखी पोच लागते, आणि या दानाच्या बदल्यात 'अमूर्त धार्मिक लाभ' सोडून दुसरं काही दिलं नाही, असं त्या पोचपावतीत लिहितात. सरकारी कागदावर आशीर्वादाचं एवढं कोरडं नाव मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पण तिथेही एक मेख आहे. खर्चाची एकेक बाब दाखवून वजावट घेणाऱ्यालाच हा फायदा. २०२५ साठी नवरा-बायको मिळून सरसकट वजावट ३१,५०० डॉलर होती. तुमच्या बाबींची बेरीज त्याच्या वर जात नसेल तर चर्चची पावती कपाटातच. बहुतेक अमेरिकन कुटुंबं सरसकटच घेतात. २०२६ पासून अशांनाही रोख-चेकच्या दानावर जोडप्यामागे २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळू लागली आहे. भाच्याला खरोखर किती सुटतं, ते एकदा विचारून बघा, असं मी बाईंना म्हटलं.

भाचा इथल्या चर्चला पैसे पाठवणार असेल तर आणखी सांभाळा. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या बचतीतले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकी नागरिक झाला असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी. चर्चकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेताच येत नाही.

बाई पावत्या परत पिशवीत भरू लागल्या. चर्चच्या बारा वेगळ्या, रबर बँड लावून. मध्येच थांबल्या.

"या दोन रकान्यांत फरक ४२,२२४ चा नं?"

"हो."

"म्हणजे वाचलेच म्हण. त्याचा दशमांश किती?"

"चार हजार दोनशे बावीस रुपये चाळीस पैसे."

"लिही त्या कागदावर. चाळीस पैसे सोडू नको." मग जरा विचार करून म्हणाल्या, "हे मात्र दवाखान्याच्या ट्रस्टले. आणि चेकनं. तुझा तो बीई का काय, तो पुढल्या जूनमध्ये मीच मागते त्याइले."

तिथे पुढच्या जूनमध्ये फोन उचलणाऱ्या हिशेबनीसाची मला आत्ताच थोडी काळजी वाटते.